पेन ड्राइव्ह ‘फॉरमॅट करा’ म्हणाला तर: गेलेल्या फाइल्स परत मिळवणं आणि बॅकअप लावणं

मागच्या उन्हाळ्यात एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. रुमालाची घडी उलगडून त्यांनी टेबलावर पेन ड्राइव्ह ठेवला. आत त्यांच्या गावाचा इतिहास होता, अकरा वर्षं लिहीत आणलेला. ड्राइव्ह लावला की कम्प्युटर म्हणायचा, वापरण्याआधी फॉरमॅट करा. मी नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही काय काय करून बघितलंत?” ते म्हणाले, “काही नाही. कॅन्सल दाबलं, ड्राइव्ह काढला आणि एसटी धरली.”

तिथेच निम्मं काम झालं होतं. माझ्याकडे येणाऱ्या लोकांचा डेटा बऱ्याचदा मूळ बिघाडापेक्षा नंतरच्या धडपडीत जास्त जातो. कुणी फॉरमॅट करून बघतं, कुणी त्याच डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवतं, कुणी खरखरणारी डिस्क रात्रभर चालू ठेवतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितो आहे, ज्या क्रमाने फाइल गेल्यावर हात चालायला हवेत. बॅकअपचं नंतर. आत्ता ज्याची फाइल गेली आहे, त्याला आधी तीच हवी असते.

आधी थांबा, आणि का थांबायचं ते समजून घ्या

फाइल डिलीट केली की कम्प्युटर ती पुसत बसत नाही. डिस्कवर एक नोंदवही असते: कोणती फाइल कुठे आहे, किती मोठी आहे. डिलीट म्हणजे त्या नोंदीवर काट मारणं. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं तरी जमीन जागेवरच असते, उभं पीकसुद्धा असतं. दुसऱ्याने येऊन नांगर घातला की मात्र पीक गेलं. डिस्कवर तो नांगर म्हणजे नवीन लिहिलेली कोणतीही गोष्ट. डाउनलोड, विंडोजचा अपडेट, यूट्यूब बघताना ब्राउझर साठवतो ते तुकडे, सगळं त्या मोकळ्या दाखवलेल्या जागेवर जाऊन बसू शकतं.

त्यामुळे फाइल पेन ड्राइव्हवरून किंवा कॅमेऱ्याच्या कार्डातून गेली असेल तर ते काढून बाजूला ठेवा. कॅमेऱ्यात तेच कार्ड घालून “एकच फोटो” काढू नका. फाइल सी ड्राइव्हवरून गेली असेल, खरोखर महत्त्वाची असेल आणि रिसायकल बिनमध्ये दिसत नसेल, तर कम्प्युटर बंद करा आणि पुढचं शोधकाम फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून करा.

इथे एक मोठा फरक आहे आणि तो आधीच सांगितलेला बरा. हे सगळं फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला, साध्या पेन ड्राइव्हला आणि मेमरी कार्डाला लागू पडतं. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. तिच्याबाबतीत फाइल डिलीट झाली की विंडोज तिला ‘ट्रिम’ नावाची सूचना देतं, म्हणजे “ही जागा आता लागत नाही”, आणि एसएसडी ती जागा आपल्या सवडीने खरोखरच रिकामी करून टाकते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही सोय आहे. एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल सॉफ्टवेअरने परत येण्याची आशा फार थोडी असते. कुणी शंभर टक्क्यांची हमी देऊन पैसे मागत असेल तर देऊ नका.

फाइल खरंच गेली आहे का?

माझ्याकडे “गेली” म्हणून आलेल्या कितीतरी फाइल्स गेलेल्या नसतात. सॉफ्टवेअरच्या नादी लागण्याआधी पुढच्या जागा बघून घ्या. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

डिलीट आत्ताच झालं असेल आणि फोल्डर समोर उघडा असेल तर कंट्रोल आणि झेड दाबा. चुकून दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढली गेलेली फाइलही त्याने जागेवर येते. मग रिसायकल बिन. मात्र शिफ्ट दाबून डिलीट केलेली फाइल, पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली आणि ऑफिसच्या नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधून डिलीट केलेली फाइल सहसा तिथे जातच नाही.

वर्डमध्ये लिहिताना वीज गेली आणि सेव्ह केलेलं नव्हतं? वर्ड पुन्हा उघडा, ‘फाइल’, मग ‘इन्फो’, मग ‘मॅनेज डॉक्युमेंट’, आणि त्यात ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’. वर्ड मुळात दर दहा मिनिटांनी स्वतःहून एक प्रत ठेवत असतं. एक्सेल आणि पॉवरपॉइंटमध्येही हीच सोय आहे, फक्त ‘डॉक्युमेंट’च्या जागी नाव बदलतं.

फाइल कुणाला पाठवली होती का, हे आठवा. जीमेलचा सेंट फोल्डर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने संदेश ही लोकांच्या लक्षात न येणारी तिजोरी आहे. लग्नपत्रिकेचा मजकूर, बायोडेटा, सोसायटीचं इतिवृत्त, यातलं पुष्कळ काही मी अशा ठिकाणाहून पाच मिनिटांत काढून दिलं आहे.

क्लाउडवर ठेवली असेल तर तिथलीही कचरापेटी असते, फक्त तिला मुदत असते. गूगल ड्राइव्हमध्ये ३० दिवस, घरगुती वनड्राइव्हमध्ये ३० दिवस, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोंसाठी ६० दिवस, आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या वनड्राइव्हमध्ये मुदत साधारणपणे ९३ दिवसांची असते, म्हणून तिथल्या आयटीवाल्यांना विचारायला उशीर झाला असं समजू नका. फाइल आहे पण आतला मजकूर बिघडला, कुणीतरी त्यावर दुसरंच सेव्ह केलं, असं असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून जुन्या आवृत्त्या बघा. गूगल डॉक्समध्ये हे ‘व्हर्जन हिस्टरी’ या नावाने मिळतं.

आणि आपल्याकडचा खास प्रकार. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला, घरी आल्यावर उघडला तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, किंवा ड्राइव्ह रिकामा, पण जागा मात्र भरलेली दाखवतो. हा शॉर्टकट व्हायरस. यात फाइल्स बहुतेक वेळा डिलीट झालेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, त्यानेच व्हायरस तुमच्या मशीनमध्ये शिरतो. आधी अँटिव्हायरसने ड्राइव्ह तपासा. मग फोल्डरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘हिडन आयटम्स’ चालू करा, आणि ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन सिस्टिमच्या सुरक्षित फाइल्स लपवण्याची खूण काढा. फिकट रंगात सगळे फोल्डर दिसायला लागतील. त्यातल्या तुमच्या फाइल्स कम्प्युटरवर उतरवून घ्या आणि मगच ड्राइव्ह फॉरमॅट करा.

सॉफ्टवेअरने फाइल्स काढताना

वरच्या कुठल्याच जागी फाइल सापडली नाही, तर आता सॉफ्टवेअर. दोन नियम डोक्यात पक्के ठेवा. ज्या डिस्कवरून फाइल गेली तिच्यावर सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं नाही. आणि सापडलेल्या फाइल्स त्याच डिस्कवर सेव्ह करायच्या नाहीत. दुसरी डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह हाताशी ठेवूनच सुरुवात करा.

नवख्या माणसाला विंडोजवर सगळ्यात सोपं ‘रेकुव्हा’. ड्राइव्ह निवडा, फाइलचा प्रकार निवडा, शोध लावा. हिरवी खूण असलेल्या फाइल्स बहुधा धड असतात, लाल खुणेच्या फाइल्सवर नांगर फिरलेला असतो. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ हे स्वतःचं साधन फुकट दिलं. चांगलं आहे, पण काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याला मी ते देत नाही.

माझा स्वतःचा भरवसा ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ या जोडीवर आहे. दोन्ही फुकट, मुक्त स्रोत, आणि ख्रिस्तोफ ग्रेनिए या एकाच फ्रेंच प्रोग्रामरने जन्माला घातलेली. त्यांची कामं वेगळी आहेत. टेस्टडिस्क डिस्कची बिघडलेली नोंदवही वाचायचा प्रयत्न करतं आणि जमलं तर फोल्डर आणि नावांसकट फाइल्स बाहेर काढून देतं. फोटोरेक नोंदवहीकडे बघतच नाही. ते डिस्क पहिल्या कोपऱ्यापासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि ओळखीच्या सुरुवाती शोधतं. प्रत्येक जेपेग फोटोची सुरुवात ठरलेल्या बाइट्सनी होते, पीडीएफची वेगळ्या, वर्डच्या फाइलची आणखी वेगळ्या. नाव फोटो असलं तरी शेकडो प्रकारच्या फाइल्स त्याला कळतात. पण नोंदवही न वाचल्यामुळे फाइलचं मूळ नाव मिळत नाही. शेकडो फाइल्स नुसत्या आकड्यांच्या नावाने समोर येतात आणि उघडून-उघडून ओळखाव्या लागतात. मोठे व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी डिस्कवर विखुरलेले असतील तर ते अर्धेमुर्धेच निघतात.

गुरुजींच्या ड्राइव्हचं असं झालं. आधी मी त्या १६ जीबीच्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे इमेज, माझ्या डिस्कवर घेतली. इमेज घेणं ही थोडी पुढची पायरी वाटेल, पण टेस्टडिस्कमध्येच ती सोय आहे. डिस्कमध्ये वाचता न येणारे भाग असतील तर लिनक्सवरचं ‘डीडी-रेस्क्यू’ आणखी चांगलं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि हट्टी जागांकडे नंतर वळतं. इमेज मिळाली की मूळ ड्राइव्ह पाकिटात. पुढचे सगळे प्रयोग इमेजवर. चूक झाली तर पुन्हा मूळ जागेवरून सुरुवात करता येते.

टेस्टडिस्कने इमेज वाचली. पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट पद्धतीची मांडणी असते आणि फॅट-३२ मध्ये पहिल्या महत्त्वाच्या सेक्टरची, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या ठरलेल्या कप्प्याची, एक जादा प्रत डिस्कवरच ठेवलेली असते. इथे पहिला सेक्टर बिघडला होता, प्रत शाबूत होती. फोल्डर उघडला आणि प्रकरणांची यादी खाली-खाली सरकायला लागली तेव्हा गुरुजींनी चष्मा काढून पुसला. दोन प्रकरणं मात्र यादीत नव्हती. ती त्यांच्या हातून आधीच कधीतरी डिलीट झाली होती. ती फोटोरेकने काढली, आकड्यांच्या नावाने.

फाइल्स मिळाल्या, पण उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. गुरुजींचा चेहरा उतरला. फाइल बिघडलेली नव्हती. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये होता आणि माझ्या त्या मशीनवर तो फाँट नव्हता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीचे आपले मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवायचे. फाँट नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. दुसऱ्या मशीनवर योग्य फाँट लावला आणि मराठी उभी राहिली. तुमच्याकडे २०१० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं मराठी लेखन असेल, तर हे लक्षात ठेवा. बॅकअपमध्ये फाइलसोबत फाँटही हवा, एक पीडीएफ प्रत हवी, आणि जमेल तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवा. फाँटअभावी वाचता न येणारी मराठी पुस्तकं कितीतरी घरांत आणि छापखान्यांत पडून आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सॉफ्टवेअर वापरायचंच नाही, अशा वेळा

डिस्कमधून टकटक, खरखर असा आवाज येत असेल, ती खाली पडली असेल, किंवा चालू केल्यावर फिरतच नसेल, तर लगेच वीज काढा. तबकडीच्या अगदी लगत, केसापेक्षाही कमी अंतरावरून, वाचणारं डोकं तरंगत असतं. ते तबकडीला घासलं तर प्रत्येक फेऱ्यात वरचा चुंबकीय थर खरवडला जातो, आणि डेटा त्या थरातच असतो. अशा डिस्कवर सॉफ्टवेअर चालवणं, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) लावणं, फ्रिजमध्ये ठेवणं, स्क्रू काढून आत डोकावणं, सगळं नुकसानीचं. धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडेच ती जायला हवी.

लॅबमध्ये देताना आधी तपासणीचा अंदाज लेखी घ्या. डेटा मिळाला नाही तर शुल्क किती, हे विचारा. पैसे भरण्याआधी सापडलेल्या फाइल्सची यादी दाखवतात का, ते बघा. खर्च बराच होऊ शकतो, म्हणून “या डिस्कवर काय होतं आणि ते दुसरीकडे कुठे आहे” याची यादी घरी बसून करा. पुष्कळदा त्या यादीतलं निम्मं दुसरीकडे सापडतं.

लॅपटॉप बंद पडला आणि डिस्क काढून दुसरीकडे लावली तर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते, हा अनुभव आता वाढलाय. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. या कुलपाचं नाव बिटलॉकर. ती किल्ली त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात ऑनलाइन ठेवलेली असते. ते खातं उघडता आलं तर डेटा तुमचा, नाहीतर कोणतीही लॅब काही करू शकत नाही. मशीन धड चालू असतानाच ती किल्ली कागदावर उतरवून घ्या.

सगळ्या फाइल्सच्या नावापुढे विचित्र शेपटं लागलं आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर तो खंडणीचा व्हायरस. नेट तोडा, जोडलेल्या डिस्क काढा. पैसे भरण्याचा विचार बाजूला ठेवून ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ बघा. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ते सुरू केलं आणि कित्येक प्रकारांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. तुमच्या प्रकाराची किल्ली आज नसेल तरी कुलूप लागलेल्या फाइल्स जपून ठेवा, पुढे येऊ शकते.

आता बॅकअप

सुरुवात डिस्क विकत घेण्यापासून करू नका. वही घेऊन बसा आणि लिहा: आज रात्री हा कम्प्युटर चोरीला गेला, तर काय पुन्हा कधीच मिळणार नाही? सिनेमे, सॉफ्टवेअर परत मिळतात. आधार, गुणपत्रिका वगैरे कागद डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्यांकडून थेट उतरवता येतात. मुलांचे फोटो, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, हिशेब, स्वतःचं लेखन, जमिनीचे स्कॅन केलेले जुने दस्त, हे परत मिळत नाही. बहुतेक घरांत ही यादी एक-दोन पानांची निघते आणि ५०० जीबीमध्ये आरामात बसते.

दोन गैरसमज आधी दूर करतो, कारण त्यांच्यामुळे मी माणसं रडताना बघितली आहेत.

पहिला, “माझं सगळं डी ड्राइव्हवर सेफ आहे.” आपल्याकडे कम्प्युटर जोडून देणारे एकाच डिस्कचे सी, डी, ई असे वाटे पाडून देतात. विंडोज बिघडलं आणि सी फॉरमॅट केला तर डी वाचतो, इतकंच खरं. डिस्कच गेली तर तिन्ही एकदम जातात. एका घराच्या तीन खोल्या आहेत त्या, तीन घरं नव्हेत.

दुसरा, “गूगलवर आहे की.” सिंक आणि बॅकअप या वेगळ्या गोष्टी आहेत. सिंक म्हणजे आरसा. इथे डिलीट केलं की तिथूनही डिलीट होतं, इथली फाइल व्हायरसने बिघडवली की बिघडलेलीच वर जाते. कचरापेटीच्या त्या ३० दिवसांत लक्षात आलं तर वाचलो. शिवाय गूगलच्या फुकट १५ जीबीमध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही मिळून मोजतात, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटो त्यातच धरले जातात. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल आतल्या मजकुरासकट काढून टाकू शकतं. वडील गेले आणि त्यांच्या खात्यातले फोटो “राहू दे तिथेच” म्हणून ठेवले असतील, तर ते आजच उतरवून घ्या.

छायाचित्रकार मंडळींत रुळलेला एक नियम आहे, पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला: ३-२-१. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. शेवटचा ‘एक’ लोक टाळतात. तो का टाळू नये, हे मला चिपळूणने शिकवलं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. माझ्या आतेभावाचा फोटो स्टुडिओ तळमजल्यावर. कम्प्युटर टेबलावर, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. बॅकअप तो नेमाने घ्यायचा, दर रविवारी. दोन्ही डिस्क एकाच पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर त्याने खणातली डिस्क धुतली, उन्हात वाळवली आणि लावून बघितली. आतल्या बारीक गाळाने तबकडी खरवडली गेली. भिजलेली डिस्क वाळवू नये, वीज देऊ नये, ओली असेल तशीच पिशवीत बंद करून लॅबला द्यावी, हे तेव्हा त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं. कित्येक लग्नं त्या खणात बुडाली.

क्लाउडसुद्धा शेवटी कुठल्यातरी इमारतीतच असतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून घराबाहेरची प्रत कुठे आहे, ते आपल्याला माहीत असायला हवं.

प्रत्यक्ष मांडणी

घरासाठी मी असं लावून देतो. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, प्रत्येकी एक टीबी. एक घरात, दुसरी दुसऱ्या गावात बहिणीकडे, भावाकडे, जिथे आपण दोन-तीन महिन्यांतून जातोच. जाताना घरातली ताजी डिस्क न्यायची, तिथली जुनी परत आणायची. दोघांनी एकमेकांच्या डिस्क सांभाळल्या तर दोघांचंही काम होतं. अगदी निवडक फाइल्स, एक-दोन जीबीच्या, क्लाउडवरही.

विंडोजवर ‘फाइल हिस्टरी’ चालू करा. डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेल उघडा, ‘फाइल हिस्टरी’ शोधा, ‘टर्न ऑन’ दाबा. डिस्क जोडलेली असेपर्यंत दर तासाला बदललेल्या फाइल्सची नवी प्रत ठेवली जाते आणि जुन्या प्रतीही राहतात. पण ती मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरलेल्या फोल्डरांचीच. डी ड्राइव्हवरचं काही त्यात नसतं! आपल्याकडे नेमकं सगळं डीवर असतं. त्यासाठी डीवरच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून तो ‘लायब्ररी’त घाला, मग तो बॅकअपमध्ये येतो. मॅकवर २००७ पासून असलेली ‘टाइम मशीन’ हे सगळं जास्त सोपं करते: डिस्क जोडा, हो म्हणा. लिनक्सवर ‘डेजा डुप’ चांगलं.

बॅकअप संपला की ‘सेफली रिमूव्ह’ करून डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क खंडणीच्या व्हायरसलाही जोडलेलीच असते, आणि विजेच्या झटक्यालाही.

टॅली वापरणाऱ्यांनी फोल्डर नुसता कॉपी करू नये. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून ‘बॅकअप’ घ्या, प्रत्येक वेळी तारखेच्या नावाच्या नव्या फोल्डरमध्ये. त्याच फोल्डरवर पुन्हा पुन्हा घेतला तर बिघडलेला डेटा कालच्या चांगल्यावर बसतो. योगायोगाने ‘जागतिक बॅकअप दिन’ ३१ मार्चला असतो. त्या दिवशी वर्ष बंद करताना एक वेगळी प्रत काढून तिच्यावर आर्थिक वर्ष लिहा आणि ती पुन्हा कधी वापरू नका.

पेन ड्राइव्हला बॅकअप मानू नका, तो ने-आण करण्यासाठी आहे. वर्षानुवर्षं खणात पडलेल्या पेन ड्राइव्हमधला विद्युतभार हळूहळू झिरपतो. हार्ड डिस्कची प्रकृती ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ने अधूनमधून बघा. पिवळा रंग दिसला की नवी डिस्क आणा, लाल होण्याची वाट बघू नका.

डिस्कला पासवर्ड लावलात, तर तो आणि ईमेलचा पासवर्ड, बिटलॉकरची किल्ली, गूगलचे आठ आकडी बॅकअप कोड, हे एका कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा. घरातल्या आणखी एका माणसाला तो कागद माहीत हवा. माणूस गेल्यावर त्याच्या लॅपटॉपसमोर हतबल बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्या वेळी सॉफ्टवेअर काही कामाचं नसतं.

परत काढून बघा

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका इंजिनिअरने रात्री चुकून चालू डेटाबेसच पुसला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या. एकही हवी तशी चालत नव्हती, आणि हे त्या रात्रीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. त्यांनी ही सगळी हकिकत जाहीरपणे मांडली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आपल्यासाठी तपासणी साधी आहे. बॅकअपमधून कुठल्याही तीन फाइल्स निवडा, एक जुनी, एक नवी, एक मोठी. त्या दुसऱ्या कम्प्युटरवर उतरवा आणि उघडून बघा. नुसतं नाव दिसलं म्हणजे फाइल आहे असं नाही. दसऱ्याला आपण कीबोर्डला हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. मी तो दिवस यासाठी ठरवून टाकला आहे. पूजा करण्याआधी घरातल्या आणि दुकानातल्या डिस्कमधून फाइल्स काढून बघतो.

गुरुजी गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आले होते. एक डिस्क त्यांच्या घरी, दुसरी मुलीकडे कराडला. त्यांनी मुलीकडची आणली होती. माझ्या मशीनला लावून सातवं प्रकरण उघडलं, आता युनिकोडमध्ये. गावच्या विहिरीवरच्या शिलालेखाचा परिच्छेद त्यांनी मोठ्याने वाचला, एकही अक्षर अडलं नाही. मग पिशवीतून डायरी काढली आणि तारखेपुढे लिहिलं: “कराडची डिस्क तपासली. ठीक.”